क्लास लावा, पटकथा होईलच

तुम्हाला पटकथा लिहायची आहे ना? मग आधी क्लास लावा. ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. स्कॉलरशिपला क्लास, दहावीला क्लास, मधल्या सुट्टीत गोखले रोडच्या एखाद्या गल्लीत हार्मोनियमचा क्लास. क्लास न लावता आपण एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे चालत्या गाडीत चढणं. ती सोडून बाकी सगळं विसरलो, पण तो मुद्दा इथे नको.

क्लास अर्थातच ऑनलाइन. अंधेरीला जाऊन शिकायचं म्हणजे घाटकोपरला उतरा, मेट्रो पकडा, पुढे रिक्षावाल्याच्या मिनत्या करा, आणि परत येताना डोक्यात कथा नाही, शेवटच्या लोकलची वेळ. त्यापेक्षा साडेसातचा क्लास कापूरबावडीला अडकलेल्या बसमध्ये सुरू होतो आणि मानपाडा यायच्या आत संपतो. घोडबंदर रोडने मराठी साहित्याची एवढी सेवा आजवर केली नव्हती. कॅमेरा बंद ठेवा, माइक बंद ठेवा, चॅटमध्ये ‘गुड इव्हनिंग सर, ठाण्याहून’ एवढं टाका. वर्गात चारशे जण असतील तर उत्तमच. चारशेंत तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.

शिकवणारे सर निवडताना त्यांचं नाव कुठल्या श्रेयनामावलीत आलंय का, हे शोधत बसू नका. मराठी पडद्यावर कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेयं वेगवेगळी झळकतात, त्यातलं एखादं तरी सरांचं आहे का असल्या चौकश्या संशयी माणसं करतात. ‘इंडस्ट्रीत पंधरा वर्षं’ एवढं वाचून समाधान माना. इंडस्ट्री कुठली, तेही विचारू नका. वागळे इस्टेटमध्येसुद्धा इंडस्ट्रीच आहे. सरांच्या पहिल्या स्लाइडवर २०२० चा व्हेनिस महोत्सव असेल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला तिथे सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला, हे खरंच आहे. त्यात सरांचा हात काय, हा प्रश्न मनात आला तर तो माइकसारखाच बंद ठेवा.

फीबद्दल. मूळ किंमत खोडलेली असली पाहिजे. न खोडलेली किंमत ही पोरकी किंमत. शेजारी उलटं धावणारं घड्याळ हवं, ते शून्यावर पोचलं की पान रिफ्रेश करा, ते पुन्हा ताजंतवानं होऊन धावू लागतं. ‘लाइफटाइम अॅक्सेस’ लिहिलं असेल तर आयुष्य तुमचं की वेबसाइटचं, याचा कीस पाडू नका. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे आणि छोटे पटकथा-अभ्यासक्रमही घेते, पण ती सरकारी. ती तुम्हाला ‘उद्याचा लेखक’ म्हणून हाक मारणार नाही.

आणि फसवलो गेलो तर, ही भीती तर काढूनच टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी नियमावली काढली. खात्रीशीर यशाचे खोटे दावे नकोत, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचा फोटो आणि नाव वापरायचं नाही, वगैरे. पण कोचिंगच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाटक आणि इतर सर्जनशील गोष्टी वगळल्या. म्हणजे जेईईवाल्याने हमी देताना दहादा विचार करायचा. तुम्हाला हमी देणारा मात्र सर्जनशील आहे. ग्राहक कायदा आहेच म्हणा, पण तिथे तक्रार लिहावी लागते, आणि लिहिणं हीच तर आपली अडचण.

अभ्यासक्रमाचे निदान तीन आठवडे फॉरमॅटवर गेले पाहिजेत. इंग्रजीत कुरियर नावाचा फॉन्ट, १२ पॉइंट, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. हे काम फुकट मिळणारं सॉफ्टवेअरसुद्धा एका बटणावर करतं, म्हणूनच ते तीन आठवडे शिकण्यात खरा आनंद आहे. मी एकदा विचारायची चूक केली की कुरियरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, मग माझं मराठी पान किती मिनिटांचं? सर म्हणाले, ‘गुड क्वेश्चन’, आणि पुढची स्लाइड आली. दुसऱ्या एकाने विचारलं, अमेरिकन पुस्तकात तीन अंक आहेत, आपल्याकडे मधोमध मध्यंतर होतं, लोक उठून समोशाच्या रांगेत उभे राहतात, त्यांना परत खुर्चीत आणायचं कसं? हाही गुड क्वेश्चन होता. आमच्या बॅचमध्ये गुड क्वेश्चनची चणचण कधीच नव्हती. रस्त्यापलीकडच्या घाणेकर नाट्यगृहात दुसऱ्या अंकाची घंटा झाली की बटाटेवडा अर्धा टाकून धावणारे लोक मी पाहिलेत. पहिल्या अंकाच्या पडद्याआधी त्यांच्यासोबत काय केलं असेल, हे नाटकवाल्याला जाऊन विचारता आलं असतं. पण नाटकवाला सर्टिफिकेट देत नाही.

आता टप्पे. ब्लेक स्नायडर नावाच्या अमेरिकन पटकथाकाराने २००५ च्या आपल्या पुस्तकात पटकथेचे १५ टप्पे मांडले, आणि ११० पानांच्या हिशेबात कुठला टप्पा कुठल्या पानावर, तेही सांगून टाकलं. बाराव्या पानावर ठिणगी, म्हणजे गोष्ट पेटवणारी घटना. पंचावन्नाव्यावर मध्यबिंदू. आपल्याला तर हे फारच सोयीचं. पत्रिकेत गुरू कुठल्या घरात, तसं ठिणगी कुठल्या पानावर. माझी पटकथा गेली दोन वर्षं अकराव्या पानावर आहे. ठाणे स्टेशन, संध्याकाळ, एक मुलगी प्लॅटफॉर्मवर उभी. एक लोकल येते, ती चढत नाही. दुसरी येते, ती चढत नाही. तिसरी जाते. बाराव्या पानावर ठिणगी पडायची आहे, आणि ठिणगीचं मॉड्यूल माझ्या प्लॅनमध्ये नाही, त्यासाठी ‘प्रीमियम’ घ्यावा लागतो.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका: माझी पानं कोण वाचणार?

मी असल्या एका क्लासात सापडलो होतो. आठच विद्यार्थी, घड्याळबिड्याळ काही नाही, फी खोडलेली नाही. दर रविवारी पाच पानं पाठवायची, आणि बुधवारी ती शेरे मारून परत यायची. सगळ्यांसमोर, कॅमेरा चालू ठेवून, आपण लिहिलेले संवाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. माझ्या अकराव्या पानाच्या समासात बाईंनी एवढंच लिहिलं होतं: ‘ही गाड्या का सोडतेय?’ मी दोन दिवस विचार केला. मला माहीत नव्हतं. मग मी क्लास सोडला आणि मित्रांना सांगितलं की तिथे पॉझिटिव्ह वातावरण नाही.

पानं कुणाला न दाखवण्यामागे चोरीचं भक्कम कारण देता येतं, तेही लक्षात ठेवा. ‘माझी आयडिया आहे, बाहेर गेली तर?’ असं मिसळीचा रस्सा गार होईपर्यंत मामलेदारला बसून सांगता येतं. फक्त समोर कुणी वकील नको. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगून ठेवलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. पटकथाकारांच्या संघटनेत सभासद होऊन नोंदणी करता येते, तीही लिहिलेल्या मजकुराचीच. थोडक्यात, जोवर तुम्ही लिहीत नाही तोवर तुमच्याकडे चोरण्यासारखं काहीच नाही. एवढी चोख सुरक्षा बँकेच्या लॉकरलाही नसते.

सर्टिफिकेट पीडीएफमध्ये येतं. राम मारुती रोडवर रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या. निर्माता ते बघत नाही, तो नुसतं ‘दोन वाक्यांत सांगा’ म्हणतो. पण पाहुणे बघतात. माझी दोन आहेत, हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. तिसऱ्याच्या जागेला खिळा ठोकून ठेवलाय.

परवा मी प्रीमियमचे पैसे भरत होतो. घड्याळात चार मिनिटं उरली होती, ओटीपी येत नव्हता. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला मी मागे कधीतरी, लाइट गेले होते तेव्हा, ती अकरा पानं वाचून दाखवली होती.

‘ती मुलगी चढली का रे गाडीत?’ तिने विचारलं.

म्हटलं, ‘नाही गं. ते पुढच्या महिन्यात शिकवणारेत.’

‘अरे देवा,’ आई म्हणाली, ‘मग तोवर तिला निदान बाकावर तरी बसव.’