वरचे वारे जोरात म्हणजे वादळ जोरात? नाही.

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो: "समुद्र तापलाय, वरच्या हवेत प्रचंड वारे आहेत, त्यामुळे वादळ भडकणार. उपग्रहाचा फोटो बघा, ढग गोव्यावर पोचलेसुद्धा!" कुटबण, मालीमच्या जेटीवरून ट्रॉलर समुद्रात न्यायचा की नाही हे असले काही वाचून ठरू नये, म्हणून हे लिहितो आहे.

"वरचे वारे वादळाला बळ देतात." बहुतेकदा उलटेच होते. चक्रीवादळ हा समुद्रापासून 12-15 किलोमीटर उंच गेलेला ढगांचा खांब असतो. पावसातून सुटणारी ऊब केंद्राच्या बरोबर वर साठली, तरच खालचा दाब उतरत जातो. वारा खाली एका दिशेने आणि वर दुसऱ्याच दिशेने वाहत असेल तर खांब कलतो, पाऊस एका अंगाला फेकला जातो आणि कोरडी हवा आत घुसते. या तफावतीला विंड शिअर म्हणतात. बघायचा असतो तो वरच्या आणि खालच्या वाऱ्यातला फरक. नुसत्या वरच्या वेगावरून काहीच कळत नाही.

"समुद्र तापला की वादळ होणारच." पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर लागते, हे खरे. पण पूर्व अरबी समुद्राच्या बऱ्याच भागात ते जुलै-ऑगस्टमध्येही तेवढे असते, आणि तरी भर पावसाळ्यात तिथे चक्रीवादळ क्वचितच उठते. कारण तेव्हा खाली नैऋत्येचा वारा असतो आणि 14-15 किलोमीटर उंचीवर ताशी 100 किलोमीटरहून वेगाने पूर्वेकडून येणारा वाऱ्याचा झोत. खांब उभाच राहू शकत नाही. आपली मोठी वादळे आठवा: फयान नोव्हेंबर 2009, क्यार ऑक्टोबर 2019, तौक्ते मे 2021. सगळी पावसाळ्याच्या अलीकडची नाहीतर पलीकडची.

यावर कुणी म्हणेल, मग वरचे वारे वादळाचे शत्रूच. तेही अर्धवट. चुलीला धुराडे लागते तशी वादळात वर चढलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. आपल्या गोलार्धात ती माथ्यावरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पसरते. उत्तरेकडून जाणारा पश्चिमी वाऱ्यांचा द्रोण, म्हणजे त्या वाऱ्यांच्या पट्ट्याला दक्षिणेकडे पडलेला बाक, योग्य अंतरावर असेल तर ही हवा ओढून नेतो आणि वादळ जोर धरते. तोच द्रोण फार जवळ आला की वादळाचा माथा उडवतो.

फोटोतले पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे ढग बहुधा हीच बाहेर पडणारी हवा दाखवतात. ते पणजीवर दिसले तरी वादळाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर असू शकते.

"केंद्र गोव्यावर येत नाही, म्हणजे सुटलो." हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचे वाटते. तौक्ते किनाऱ्यावर चढले ते 17 मे 2021 च्या रात्री, गुजरातेत. आदल्या दिवशी ते गोव्याच्या समोरून समुद्रातूनच गेले होते, आणि तेवढ्यानेच इथे झाडे पडली, विजेचे खांब मोडले, माणसेही दगावली.