समाजकार्याने दिशा मिळते, पण कशी?

"विद्यार्थीदशेत समाजकार्य करा, आयुष्याला दिशा मिळेल," असं व्यासपीठावरून सगळेच सांगतात. मिळते, मीही त्यातलाच. पण कशी मिळते, यावर कुणी बोलत नाही. ऐकणाऱ्या पोरांना वाटतं, एक दिवस कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी दिसेल आणि आपल्याला साक्षात्कार होईल. मला तरी तसला काही झाला नाही.

कॉलेजात असताना मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा लेखनिक म्हणून परीक्षेला बसायचो. तो सांगेल ते आणि तेवढंच लिहायचं. उत्तर चुकतंय हे आपल्याला कळत असतं, पेन आपल्याच हातात असतं, पण तोंडातून साधं "हं?" निघता कामा नये, कारण त्या हुंकारातही इशारा असतो. प्रश्न वाचतानासुद्धा आवाज सपाट ठेवायचा. मध्येच तो म्हणतो, "मागच्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य खोड आणि शेवटी घाल." ते झटकन सापडलं पाहिजे, वेळ त्याचा जातोय. एरवी स्वतःच्या अभ्यासाला बसलो की अर्ध्या तासात चुळबुळ सुरू करणारा मी, तिथे तीन तास हलत नसे. बरोबरचे काही मित्र एकदोन पेपरांनंतर गळाले. त्यात वाईट काहीच नाही. त्यातला एक रक्तदान शिबिरांच्या याद्या आणि फोनाफोनी करण्यात असा रमला की विचारू नका. मला ती फोनाफोनी शिक्षा वाटली असती.

आज मी दुभाषाचं काम करतो. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःची भर न घालता पोचवायचं, हेच ते काम. माझं मत असं की दिशा भारावून जाण्यातून मिळत नाही. कुठलं किचकट काम आपण न कुरकुरता करतो, हे कळलं की ती मिळते. आणि हे कळायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. उद्घाटन, टी-शर्ट आणि ग्रुप फोटोपुरतं गेलात तर प्रमाणपत्र मिळेल, बाकी काही नाही.

ब्रिटिश राजकारणी क्लेमंट ॲटलीचंच बघा. ऑक्सफर्डहून पदवी घेतलेला, वकिलीच्या वाटेवरचा, विचाराने कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरावादी असलेला हा मुलगा 1905 मध्ये पूर्व लंडनच्या स्टेपनी या गरीब वस्तीत, त्याच्या जुन्या शाळेच्या मदतीने चालणाऱ्या एका मुलांच्या क्लबात सहज डोकावला. मग जातच राहिला. 1907 मध्ये क्लबाचा व्यवस्थापक होऊन तिथेच राहायला गेला. गरिबी आळसातून येते हा समज तिथल्या घरांत रोजची ये-जा होऊ लागल्यावर गळून पडला, वकिली मागे पडली आणि तो राजकारणात गेला. 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा पंतप्रधान तोच होता. सगळे ॲटली होणार नाहीत, उघड आहे. पण एका भेटीत तोही झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र खटकते. "मला दिशा मिळावी म्हणून" कुणाच्या तरी अडचणीत जायचं, हे जरा विचित्रच आहे. समोरच्याला तुमच्या आत्मशोधाशी देणंघेणं नसतं, त्याला पेपर लिहायचा असतो. म्हणून लेखनिक व्हायचं असेल तर आधी स्वतःचं वेळापत्रक बघा, कारण मागणी ऐन परीक्षेच्या हंगामात असते, तुमचीही परीक्षा असते तेव्हाच. जमत नसेल तर आठवडाभर आधी सरळ नाही म्हणा. कुणी राग मानत नाही, दुसरा शोधता येतो. सकाळी ऐनवेळी फोन बंद केलात तर त्याचा पेपर जातो.