दोन पिना

गेल्या पावसाळ्यात सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन घाट उतरताना गाडीत जळका वास येऊ लागला, तेव्हा सौभाग्यवतींनी "अहो, गॅस बंद केला होता ना?" असे विचारले, आणि घरचा वास इथवर येणे अशक्य आहे हे पटवून देण्यात मी दोन वळणे घालवली. गोळेवाडीला थांबून पाहिले, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता.

फिटरने चाक उघडले. कॅलिपर म्हणजे ब्रेकचा चिमटा, चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडमध्ये दाबून धरणारा; त्यातला आतला पॅड पापडाएवढा उरला होता, बाहेरचा जवळजवळ कोरा होता. "काका, पिना जाम आहेत," तो म्हणाला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर रेटतो आणि लगेच अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकत बाहेरच्या पॅडलाही ओढून आणतो. पिना अडकल्या, की बाहेरचा पॅड आमच्या सोसायटीच्या कमिटी सदस्यांप्रमाणे नुसता हजर राहतो. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी पिनांना साधे ग्रीस फासले होते, त्याने पिनांवरची रबरी आवरणे, म्हणजे बूट, फुगले आणि आत पाणी शिरून गंज चढला. मी मात्र दर रविवारी शांपूने चाकांच्या कॅपा घासत होतो.

यंदा हे काम स्वतःच करायचे ठरवून मी नाना पेठेतून सिलिकॉन ग्रीस आणले. दुकानदाराने "पातळ हात फिरवा, थापू नका, नाहीतर पिन आत जायची नाही," असे बजावले. पार्किंगमध्ये कॅलिपर सोडवून मी तो होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवला, तोच तिसऱ्या मजल्यावरून आयुष्यभर सायकल चालवलेले शेजारी ओरडले, "अहो, होज तुटेल! तारेने स्प्रिंगला बांधा!" मी बांधला. पिना घासूनपुसून, ग्रीस लावून बसवल्या. बोटाने ढकलताच कॅलिपर सरकला, तेव्हा मला झालेला आनंद घरात कुणालाही समजावता आला नाही. नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबला, तेव्हा टाकीतले ब्रेक ऑइल वर चढून फेंडरवर ओघळले, आणि मेणाने चकचकीत केलेला रंग त्याने तळहाताएवढा खाल्ला.

चाक चढवून पेडलवर पाय ठेवला, तर ते थेट तळाला टेकले. मी घामाघूम झालो.

"आधी पंप करा, पेडल कडक होईपर्यंत!" वरून आवाज आला. मी पंधरा वेळा पंप केले. दुपारचा एक वाजत आला होता, म्हणून शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.