घातांक धाब्यावर

सव्वीस वर्षे मी आठवीच्या मुलांना घातांक शिकवतो आहे, आणि त्यातली पंचवीस वर्षे तो लिहायला मला मनगटाच्या एका हलक्या झटक्यापलीकडे काही लागले नाही. आमच्या खानदेशात उन्हाळ्यातल्या रात्री माणसे अंथरूण घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, झोपायला जातात, तितक्या सहजपणे माझ्या फळ्यावरचा दोन हा तीनच्या डोक्यावर जाऊन बसत असे. मग शाळेने ठरवले की यापुढे प्रश्नपत्रिका ज्याच्या त्याने संगणकावर टंकून द्यायची, आणि घातांकाचे नियम शिकवणाऱ्या मला तेच घातांक धाब्यावर बसवता येईनात.

युक्ती अशी सांगण्यात आली की कंट्रोल, शिफ्ट आणि अधिक-बरोबरची कळ एकाच वेळी दाबली की पुढचा अंक वर चढतो. माझा कळफलक इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीचा असल्यामुळे कंट्रोलवरचे बोट जरा सैल पडले की अंकाऐवजी ‘ऋ’ उमटतो. पहिल्या तासात मी इतके ऋ गोळा केले की त्यांतून एखादा आश्रम उभा राहिला असता. अखेर दोन वर चढला, पण त्यामागून गुणाकाराचे चिन्ह, पुढचा तीन, कंसातले गुण आणि ‘खालीलपैकी कोणतेही चार सोडवा’ ही सूचनाही वरच गेली. खाली यायचे तर त्याच तीन कळा पुन्हा दाबाव्या लागतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. पाणी घेऊन आलेले आमचे शिपाईमामा पडद्याकडे पाहत म्हणाले, “सर, एक दोनले चढाडं, मंग आख्खी वरात कसाले चढी गई?”

तरीही प्रश्नपत्रिका झाली. तिच्यातला मजकूर उचलून मी मोबाइलवरून छपाईवाल्याकडे पाठवला, आणि वाटेत एकूण एक घातांक खाली उतरला. तीनचा वर्ग गुणिले तीनचा घन हे उदाहरण ‘३२ × ३३’ असे छापून आले, आणि २४३ या उत्तराची वाट पाहणाऱ्या माझ्यापुढे अर्ध्या वर्गाने आनंदाने १०५६ मांडले. याहून मोठी पडझड सूर्याची झाली. पृथ्वीपासून त्याचे अंतर सुमारे १.५ गुणिले दहाचा आठवा घात इतके किलोमीटर असते. छापील कागदावर दहाचा आठवा घात म्हणजे जपमाळेचे १०८ मणी झाले आणि अंतर भरले १६२ किलोमीटर. याचा अर्थ जळगावहून नाशिकच्या रस्त्याला लागले तर धुळे आणि मालेगाव ओलांडल्यावर चांदवडच्या अलीकडे कुठेतरी सूर्य भेटायला हवा. एकाही मुलाने शंका घेतली नाही, आणि ज्याने जळगावचा मे महिना काढला आहे त्याला मी तरी दोष देणार नाही.

झाले होते ते असे की वर चढवलेला दोन हा मुळात साधाच दोन असतो. त्याचे उंच बसणे हा केवळ पोशाख, आणि मजकूर साध्या संदेशात गेला की पोशाख गळून पडतो. जन्मतःच वर बसलेले स्वतंत्र दोन आणि तीनही आहेत. ऑल्ट दाबून धरून अंकपट्टीवर ०१७८ किंवा ०१७९ टंकले की ते येतात. माझ्या लॅपटॉपला अंकपट्टीच नाही, हा भाग सोडून देऊ. शिवाय संगणकाच्या चिन्हांच्या ज्या जुन्या यादीतून ते येतात, तिच्यात वर बसलेल्या एक, दोन आणि तीन यांनाच जागा मिळाली. चार ते नऊ यांची वस्ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या सामाईक यादीत, दुसरीकडेच आहे, त्यामुळे एकाच ओळीतले वर्ग आणि चतुर्घात कधीकधी वेगवेगळ्या गावचे दिसतात. आणि ही सगळी सोय इंग्रजी अंकांची. मराठी माध्यमाच्या मुलांना मी हट्टाने देवनागरी अंक देतो, आणि देवनागरी अंकांना असे घातांकरूप नाहीच. म्हणून तर या लेखातही मला ‘तीनचा वर्ग’ असे शब्दांत लिहावे लागते आहे. अक्षराच्या माथ्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडने २००९ साली घेतले खरे, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. म्हणजे बीजगणित गायचे ठरवले तर माझी सोय होईल.

चिडून मी भास्कराचार्यांचा आधार घेतला, कारण ते आमच्यापासून लांबचे नाहीत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात संख्येच्या, वर्गाला भास्कराचार्य ‘याव’ लिहितात, घनाला ‘याघ’. सगळे एका ओळीत, कोणालाही वर चढवण्याची भानगड नाही. घातांक खांद्यावर बसवण्याची आजची रीत १६३७ साली फ्रेंच गणिती देकार्तने रूढ केली, आणि वर्ग आला की तोसुद्धा पुष्कळदा अक्षरच दोनदा लिहून मोकळा होत असे.

पुढच्या चाचणीला मी घातांकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आणि आदल्या दिवशी मी आणि शिपाईमामांनी त्रेचाळीस प्रतींवर, प्रत्येकी अकरा याप्रमाणे, चारशे त्र्याहत्तर घातांक निळ्या पेनाने बसवले. पेपर सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील, तोच शेवटच्या बाकावरून हात वर आला. “सर, माझ्या पाचवर काहीच नाही.” मी जवळ गेलो, खिशातले पेन काढले आणि मनगटाला एक झटका दिला.