जवानाचा सन्मान, जागेला धक्का न लावता

तुमच्या नगरपरिषदेत नाहीतर जिल्हा परिषदेत भरती निघाली असेल आणि आस्थापनेचं टेबल तुमच्याकडे असेल, तर आधी अभिनंदन. गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण आहे, म्हणून दचकू नका. नियम मोडायचा नाही. नुसता भागाकार करायचा.

जागा आधी पदांत वाटा, मग प्रवर्गांत. एखाद्या प्रवर्गाच्या वाट्याला 3 जागा आल्या की त्याचे 15 टक्के 0.45. अर्ध्याच्या आत, म्हणजे शून्य. तक्त्यात ‘माजी सैनिक’च्या रकान्यात एक आडवी रेघ ओढा. उभं आयुष्य नियंत्रण रेषेवर काढलेला माणूसही ही रेघ ओलांडून येत नाही.

तरी एखादी जागा निसटतेच. मग येते कागदपत्र तपासणी. समोर चाळिशीच्या आतबाहेरचा एक हवालदार बसेल. पाठ ताठ, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डिस्चार्ज बुक. ते हातात घेऊन उलटं-सुलटं पाहा. आतली इंग्रजी आद्याक्षरं तुम्हाला कळणार नाहीत. कळली असं दाखवूही नका. ‘पदवीची गुणपत्रिका?’ एवढंच विचारा. दहावी पास जवानाची 15 वर्षांची सेवा गट क साठी पदवीच्या बरोबरीची धरतात, असं तो सांगेल. सोबत शासन निर्णयाची झेरॉक्सही काढून देईल. (फौजी लोक झेरॉक्स जवळ बाळगतात.) मान डोलवा आणि विचारा, ‘एमएस-सीआयटी?’ त्याने लेहच्या रस्त्यावर बर्फात अवजड ट्रक हाकला असेल, पण तुमच्या कार्यालयातला माऊस हे वेगळं प्रकरण आहे.

यादरम्यान बाहेर टपरीवर पाच वर्षं भरतीचा अभ्यास करणारी पोरं बसलेली असतात. त्यांच्या कानात हळूच सोडा : ‘यांना पेन्शन आहे, वर नोकरीही पाहिजे.’ साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो तेव्हा त्याची मुलं शाळेतच असतात, हे सांगायची गरज नाही. जागाच मुळात कमी का निघाल्या, हा प्रश्न तर अजिबात काढू नका. पोरं आणि फौजी एकमेकांकडे बघत राहिले की तुमच्याकडे कोणी बघत नाही.

शेवटी शेरा मारा : ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही.’ जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवाराकडे जाते. वाया काही जात नाही.

सन्मानात मात्र कसूर नको. 26 जानेवारीला शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची. साताऱ्याजवळ एका गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, अपशिंगे मिलिटरी. भाषणात त्याचा उल्लेख करा, टाळ्या हमखास. शाल मोजून आणा, मागच्या वर्षी दोन कमी पडल्या होत्या.

आणि तो हवालदार? तो तुमच्याच फाटकावर आहे, कंत्राटी सुरक्षारक्षक म्हणून. त्या जागेला ना आरक्षणाची बिंदूनामावली, ना टक्केवारी. सकाळी तुमची गाडी आली की तो उठून कडक सॅल्यूट ठोकतो. काच खाली घेतली नाही तरी चालतं.