रात्री बाराला हजर

दर महिन्याचे पहिले दोन दिवस मी ऑफिसात माणूस नसतो, चाळणी असतो. रबाळ्याला एमआयडीसीत आमचं ऑफिस. माणसं ४२, कामाचे दिवस साधारण २६. दारावरचं अंगठ्याचं मशीन सगळ्यांच्या येण्याच्या वेळा एक्सेलमध्ये ओतून देतं आणि ते १,०९२ रकाने मी एकेक करून डोळ्यांखालून घालतो. पावणेदहानंतर आलेला दिसला की लाल. तीन लाल झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली. अकरा वर्षं हेच. चष्म्याचा नंबर त्यानेच वाढला असं माझं म्हणणं, मोबाइलमुळे वाढला असं घरच्यांचं.

१ जुलैला जूनची यादी चाळत बसलो होतो, तर नवा ट्रेनी मुलगा मागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघत राहिला आणि ज्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "सर, हे तुम्ही हाताने करताय? इफ टाका ना."

इफ म्हणजे आपलं जर-तर. कंसात तीन गोष्टी द्यायच्या: अट, ती खरी ठरली तर काय, नाहीतर काय. यात शिकायचं काय? आमच्या आईने आम्हा भावंडांना याच सूत्रावर वाढवलं. ती फक्त पहिले दोन भाग गाळून थेट "नाहीतर बघ"वर यायची. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हेही तयार सूत्रच की. नाहीतरच्या जागी 'आत्याबाई' भरलं की झालं.

तर मी लिहिलं: वेळ पावणेदहापेक्षा जास्त असेल तर 'उशीर', नाहीतर 'वेळेवर'. कोपरा धरून खाली ओढलं. चहावर साय धरायच्या आत १,०९२ निकाल तयार! मग मला जोर चढला. मुलाच्या मदतीने मेल मर्ज लावलं, म्हणजे यादीवरून ज्याचं त्याला पत्र आपोआप. एकही उशीर नसेल तर अभिनंदनाचं पत्र, तीन किंवा जास्त असतील तर रजाकपातीचं. बटण दाबलं आणि पाचच्या ठोक्याला निघालो. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठाण्याच्या गाडीत बसायला जागा मिळते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या आल्या त्या अकाउंट्समधल्या काकू. लेकीच्या लग्नासाठी जूनमध्ये नऊ दिवस रजेवर होत्या. बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी थांबत आल्या आणि माझ्यापाशी पोचल्यावर टपकन झाकण लावलं. "नऊ दिवस उशीर? काय रे, कन्यादान करून पावणेदहाला अंगठा द्यायला येऊ?"

त्यांच्या मागे रात्रपाळीचा वॉचमन. तो रोज आठच्या पाच मिनिटं आधी येतो. संध्याकाळी. महिन्यात २६ उशीर, म्हणजे आठ अर्धे दिवस, म्हणजे चार दिवसांची रजा गेली. "साहेब, मी सकाळी पावणेदहाला येतो," तो शांतपणे म्हणाला, "चोरांना पण दिवसपाळी लावून द्या."

खरा बॉम्ब मात्र फोनवरून पडला. पाय मोडून महिनाभर गावी पडून असलेल्या आमच्या एका सहकाऱ्याला अभिनंदनाचं पत्र गेलं होतं. त्याने ते हात जोडल्याच्या चिन्हासकट मोठ्या साहेबांना पुढे पाठवलं.

मुलाने उलगडा केला. एक्सेलला घड्याळ कळत नाही, आकडे कळतात. सगळा दिवस म्हणजे १, आणि पावणेदहा म्हणजे त्यातला ०.४०६२५. कोरा रकाना म्हणजे शून्य आणि शून्य म्हणजे मध्यरात्रीचे बारा. म्हणजे पाय मोडलेला माणूस रोज रात्री बारालाच येऊन बसलेला! काकूंच्या रकान्यात मी हाताने 'रजा' लिहिलं होतं, आणि एक्सेलच्या हिशेबात कुठलंही अक्षर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं. (हे साहित्य संमेलनात कुणी सांगायला हवं.) वॉचमन रात्री येतो हे कागदावर कुठेच नव्हतं. ते माझ्या डोळ्यांना ठाऊक होतं, आणि मी डोळ्यांनाच सुट्टी दिली होती.

साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत, अटी सांगितल्या. "आजारी असलेल्यांना आणि पावसात अडकलेल्यांना सूट द्या." मी 'आणि' ऐकलं, 'अँड' लिहिलं. सूट एकट्या शिपाईमामांना मिळाली. कारण पावसात अडकून त्याच दिवशी आजारीही पडलेले ऑफिसात तेवढेच. साहेब मराठीत 'आणि' म्हणाले होते, एक्सेलमध्ये ते 'ऑर' होतं. माणसाला हे सांगावं लागत नाही.

मग जुलैभर संध्याकाळी मी जर-तर रचत बसलो. रकाना कोरा असेल तर गैरहजर. अक्षर असेल तर रजा. वॉचमन असेल तर आठ वाजताचं बघ. साहेब असतील तर बघूच नकोस. कोऱ्याचा प्रश्न आधी विचारायचा, वेळेचा शेवटी. क्रम चुकला की पाय मोडलेला पुन्हा रात्री बाराला हजर. एक्सेल २००३ मध्ये असे एकात एक सातच इफ बसत, २००७ पासून ६४ बसतात. चौसष्ट कलांपैकी मला नऊ जमल्या, तेवढ्यात कंस मोजता मोजता रात्रीचे नऊ व्हायचे.

१ ऑगस्टला पुन्हा बटण दाबलं. काकू ठीक, वॉचमन ठीक, मोडका पाय गैरहजर. फक्त एका ओळीत तीन लाल: माझ्या. दोन दिवस उघडच उशीर झाला होता. रात्री जागलं की सकाळची गाडी चुकते, आणि २०२४ पासून वाटेत दिघा गावचं स्टेशन वाढलंय हे कारण मी स्वतःलाही देऊन पाहिलं. तिसऱ्या दिवसापुढे मात्र स्वच्छ ९:४५ दिसत होतं. रकान्यावर क्लिक केलं. वर पट्टीत खरी वेळ उमटली: ९:४५:२०. सेकंद दिसत नसले तरी मोजले जातात, म्हणे.

सूत्र तीनदा तपासलं. चूक नव्हती. माझं अर्ध्या दिवसाचं पत्र मीच मला पाठवलं.

दुपारी काकू आल्या. डबा तोच होता, आत या वेळी बेसनाचे लाडू. झाकण उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "दोन घे."