मोजणीवाले साहेब

पक्ष्यांच्या फोटोंसाठी नवी ऑटोफोकस टेलीफोटो लेन्स घ्यायची, तर आमच्या घरी आधी सर्वपक्षीय बैठक बोलवावी लागते. ती टाळून मी मिरजेतल्या एका बंद होत आलेल्या स्टुडिओतून फिल्मच्या जमान्यातली, निकॉन कॅमेऱ्यावर बसणारी ४०० मिलिमीटरची लेन्स गुपचूप उचलून आणली. माझा कॅमेरा सोनीचा मिररलेस. त्यातला सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा तुकडा, छोटा, एपीएस-सी मापाचा. त्यावर ४०० ला ६०० ची नजर येते, म्हणजे २०० मिलिमीटर फुकटात, हा हिशेब मी बायकोला सांगितला. ती म्हणाली, "अहो, मग अजून छोटा सेन्सर घ्यायचा होता."

लेन्स आणि कॅमेऱ्याची सोयरीक तशी अवघड नाही. जुन्या कॅमेऱ्यात आरशाला जागा लागायची, म्हणून ही लेन्स फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर लांब बसायची. आरसाच गेल्यामुळे माझ्या कॅमेऱ्याला १८ पुरतात. उरलेले साडेअठ्ठावीस मिलिमीटर भरून काढायला अ‍ॅडॉप्टर नावाची कडी मिळते. आत काच नाही, तार नाही, नुसती पोकळी. लग्नं जमवणारे मध्यस्थ मी बरेच पाहिलेत, पण आतून इतका पोकळ आणि दोन्हीकडे इतका घट्ट हाच.

पहिल्या संध्याकाळी सव्वा किलोचा ऐवज तोंडाला लटकत असताना कॅमेऱ्याने मला कळवलं की लेन्स लावलेली नाही. मेन्यूत कुठेतरी खोल 'लेन्स नसली तरी शटर मार' अशी परवानगी असते, ती द्यावी लागली. पुढचे आठ दिवस सगळे फोटो हललेले आले. वयाचा दोष धरून मी चहा सोडला. मग शोध लागला. हाताची थरथर सावरायला कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा मिलिमीटरचा आकडा, लागतो. मुकी लेन्स तो सांगत नाही, आपणच भरायचा असतो. मी जुना ५० चा आकडा तसाच ठेवला होता. कॅमेरा ५० च्या हिशेबाने मला सावरत होता आणि मी ४०० च्या हिशेबाने थरथरत होतो. चहा पुन्हा सुरू झाला.

फोकस मात्र हातानेच. लेन्सचं भोक एफ ५.६ एवढं उघडं असलं, की दहा मीटरवरच्या पक्ष्यासाठी फोकसमध्ये वीतभरही जागा मिळत नाही. मिरजेचे सतारमेकर तार लावताना खुंटी जितकी हलकेच पिळतात, तितकीच ही रिंग फिरवायची. माझ्या लेन्समधलं ग्रीस सुकलेलं, त्यामुळे खुंटी कसली, रहाटच. मदतीला फोकस पीकिंग असतं. जे स्पष्ट दिसतंय त्याच्या कडा कॅमेरा लाल करून दाखवतो. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर मी ते लावलं, तर लाटा लाल, गवत लाल, पलीकडची म्हैस लाल. खंड्या तेवढा कोरा.

शेवटी युक्ती केली. हरिपूरच्या पुढे काठावर उपशाच्या मोटारीचा लोखंडी पाइप नदीत उतरलाय. कवड्या खंड्या, तो काळा-पांढरा, पाण्यावर जागच्या जागी पंख मारत तरंगतो, सूर मारतो आणि मासळी घेऊन त्याच पाइपवर येऊन बसतो. मी पाइपवर फोकस करून ठेवला, रिंगला चिकटपट्टी लावली आणि ट्रायपॉडमागे उभा राहिलो.

पाऊण तासाने एक आजोबा आले. ट्रायपॉड बघितला, नदी बघितली.

"सायेब, औंदा किती फुटापातूर येतंय?"

सांगलीत नदीकाठी तीन पायांचं काहीही उभं केलं की तुम्ही पूररेषेची मोजणीवाले. इथे आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरानंतर तर विचारूच नका.

"आजोबा, मी फूट मोजत नाही. पाखरांचे फोटो काढतो."

"मग एवढी तोफ?"

उत्तर द्यायच्या आत खंड्या पाइपवर येऊन बसला. चोचीत मासळी, ऊन बाजूने. मी श्वास रोखला. त्याच क्षणी शेतीची लाइट आली आणि ऑटोवर ठेवलेली मोटार घुर्र करून सुरू झाली. पाइप थरथरला. मी दाबलेल्या बारा फोटोंपैकी अकरांत खंड्या नव्हताच. बाराव्यात कोपऱ्यात शेपटी होती, पुसट.

आजोबांना दाखवणं भाग होतं. स्क्रीनवर पाइपचा सांधा मोठा करून दिला. काय शार्प! सांध्याच्या चकतीचा एकूण एक नट, त्यावरचा गंज, आट्यांवरची माती. जुन्या काचेचं कौतुक ऐकायला मी कान टवकारले.

आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "ह्यो खालचा ढिला हाय. तरीच म्हटलं, प्रेशर का येईना."

त्यांनी मोटार बंद केली, पिशवीतून दोन पाने काढले आणि एक माझ्या हातात दिला. मी गुडघाभर चिखलात, मागचा नट धरून. कॅमेरा वर काठावर. खंड्या परत आला आणि माझ्यापासून तीन मीटरवर पाइपवर टेकला. तोफ हातात असती तरी उपयोग नव्हता. ही लेन्स चार मीटरच्या अलीकडचं काही बघत नाही.

"हालू नगा," आजोबा म्हणाले, "आजून अर्धा पिळ ऱ्हायलाय."